टोबा सरोवर आणि सामोसिर बेटावरची गावं: मे महिन्यातली सुमात्रा ट्रिप

सुमात्रातल्या टोबा सरोवराला पॅकेजवाले बहुतेक एकच रात्र देतात. काठावरच्या पारापतला हॉटेल, सकाळी बोटीने बेटावरचं तोमोक, थोडी खरेदी, जेवून परत. तसं करू नका हे सांगायलाच हे लिहायला घेतलंय. सरोवर सुंदर आहेच, त्यात वादच नाही, पण टोबाची खरी मजा आतल्या बेटावरच्या गावांमध्ये आहे आणि ती गावं घाईत काही देत नाहीत. आम्ही शाळेच्या सुट्टीत गेलेलो, मी, नवरा, सातवीतली लेक आणि माझी आई. आई सत्तरीची, माहेर वेंगुर्ल्याचं, बाकी सगळं आयुष्य गिरगावात गेलेलं, गुडघे दुखतात पण उत्साह दांडगा.

आधी थोडी माहिती, म्हणजे पुढचं नीट कळेल. टोबा हे ज्वालामुखीच्या खचलेल्या तोंडात साठलेलं पाणी आहे. सुमारे ७४,००० वर्षांपूर्वी इथे जो उद्रेक झाला तो गेल्या वीस लाख वर्षांतला जगातला सगळ्यात मोठा समजला जातो. सरोवर साधारण १०० किलोमीटर लांब, ३० किलोमीटर रुंद, काही ठिकाणी ५०० मीटर खोल, आणि समुद्रसपाटीपासून ९०० मीटर उंचीवर. मधे सामोसिर नावाचं बेट, तेच साधारण आपल्या आख्ख्या बृहन्मुंबईएवढं आहे. भोवतीने बटाक लोकांची गावं.

बुधवार: मुंबई ते मेदान

मुंबईहून थेट विमान नाही, क्वालालंपूर किंवा सिंगापूरमार्गे जावं लागतं, आम्ही क्वालालंपूर घेतलं, तिथून मेदान तासाभराचं. व्हिसा ऑन अरायव्हल पाच लाख रुपिया आहे, आकडा बघून दचकू नका, तिकडे जेवणाचं बिलसुद्धा लाखात येतं. ऑनलाइन आधी काढला तर रांग वाचते. मेदानमध्ये संध्याकाळी कांपुंग मद्रास भागात गेलो, तिथे श्री मरिअम्मन देवळात (१८८४ चं आहे) आरती चालू होती, आईला एकदम बरं वाटलं. मेदानला याहून जास्त वेळ देऊ नये असं माझं मत आहे, ट्रॅफिक वाईट आणि गरमा तर मुंबईचाच.

गुरुवार: पारापतहून तुकतुक

सकाळी गाडी करून निघालो. टोल रोडमुळे अर्धा रस्ता भराभर जातो, पुढे मग रबर आणि पामच्या बागा, ट्रकच्या मागे रांगत जाणं, सियांतारला थांबून गरम गरम पाव आणि कॉफी. नंतर घाट लागतो आणि एका वळणावर खाली अचानक पाणी दिसतं. लेक ‘समुद्र!’ म्हणून ओरडली, कारण समोरचा किनारा धुक्यात गेलेला आणि लाटा स्पष्ट दिसत होत्या.

पारापतच्या तिगाराजा बंदरावरून सामोसिरवरच्या तुकतुकची बोट मिळते. लाकडी बोट, खाली भाजीची पोती, कोंबड्या, दोन स्कूटर, वर प्लॅस्टिकच्या खुर्च्या. गिटार घेऊन दोन शाळकरी पोरं चढली आणि तीन-चार बटाक गाणी अशी काही गायली, एक वरच्या सुरात, एक खालच्या, की सगळी बोट गप्प झाली. बोटवाल्याला गेस्टहाऊसचं नाव सांगायचं, तो सरळ त्याच्या धक्क्याला नेऊन उतरवतो, बॅगा घेऊन वणवण नाही. हे आईसाठी फार सोयीचं झालं.

एक गोष्ट मात्र मनावर घ्या. जून २०१८ मध्ये सिमानिंदोहून तिगारासला जाणारी गच्च भरलेली बोट इथेच बुडाली, दीडशेहून जास्त माणसं गेली, बोट सापडली ती ४५० मीटर खोलीवर, वर काढता आली नाही. दुपारनंतर सरोवरात वारा सुटतो आणि पाणी उसळतं. त्यामुळे बोटीचा प्रवास सकाळी करा, लाइफ जॅकेट कुठे ठेवलेत ते चढल्या चढल्या बघा, आणि गर्दी वाटली तर पुढची बोट घ्या. कोणी हसलं तर हसू दे.

गेस्टहाऊस चालवणाऱ्या बाईंना सगळे इनांग म्हणतात, म्हणजे आईच्या वयाच्या बाईला म्हणतात तसं, आम्हीही तेच म्हणायला लागलो. त्या माझ्या आईला पहिल्या मिनिटापासून ओप्पुंग म्हणजे आजी म्हणायला लागल्या आणि नवऱ्याला त्यांचा मुलगा ‘लाए’ म्हणायचा, लाए म्हणजे मेव्हणा. ओळखपाळख नसली तरी हाक नात्याचीच मारायची अशी तिकडची रीत.

रात्री आर्सिक मागवलं. नदीतल्या कार्पसारखा मासा, हळद, गवती चहाची पात, आलं आणि गलांगल, लांब शेंगा, सगळं पाणी आटेपर्यंत शिजवलेलं, आणि मासा खवलं न काढताच! आईने पहिला घास घेतला, थांबली, परत घेतला आणि म्हणाली, ‘अगो, ह्यात तिरफळ आसा.’ मी म्हटलं इथे कुठलं तिरफळ. तर इनांगनी आतून एका वाटीत हिरव्या मिरीएवढ्या दाण्यांचे घोस आणून ठेवले. आंदालिमान. एक दाणा चावला की आधी लिंबाचा वास आणि मग जीभ झिणझिणायला लागते, पार बधिर. नंतर शोधलं तर खरंच, आंदालिमान आणि आपलं कोकणातलं तिरफळ एकाच कुळातली झाडं आहेत. त्यानंतर आई आणि इनांग, एकमेकींची भाषा शून्य कळत असताना, बांगड्याच्या तिखल्यात तिरफळ कधी घालायचं (ठेचून, शेवटी, बी काढून) यावर पाऊण तास हातवारे करून बोलत होत्या. माझ्यासाठी ट्रिप तिथेच वसूल झाली.

खाण्याबद्दल एक महत्त्वाचं: खानावळीच्या पाटीवर बी वन लिहिलं असेल तर तिथे कुत्र्याचं मटण मिळतं, बी टू म्हणजे डुकराचं. शाकाहारी लोकांना टेंपे, तोफू, गाडो-गाडो, भाज्या मिळतात, पण चटणीत कोळंबीची पेस्ट असते, ‘तानपा तेरासी’ म्हणून सांगायचं. तुकतुकमध्ये गेस्टहाऊसवाले समजून घेतात, आत गावांमध्ये केळी-शेंगदाणे सोबत ठेवा.

शुक्रवार: आंबारिता आणि तोमोक

सकाळी थंडी होती, शाल लागली. तुकतुकच्या मागे सामोसिरचा कडा सरळ उभा आहे, त्यामुळे सूर्य समोरच्या किनाऱ्यावरून छान वर येतो पण संध्याकाळी लवकर कड्याआड जातो. हे बेट म्हणजे उद्रेकानंतर खालून परत वर दाबला गेलेला सरोवराचा तळ आहे. एका बाजूने जास्त उचलला गेला, म्हणून पूर्वेला कडा आणि पश्चिमेकडे हळूहळू उतरत जाणारी शेतं. हे एकदा कळलं की बेटावरचा प्रत्येक रस्ता वेगळा दिसायला लागतो.

आंबारिताला हुता सियालागान हे जुनं तटबंदीचं गाव आहे. हुता म्हणजे गाव. एका ओळीत बटाक घरं, खांबांवर उचललेली, छप्पर दोन्ही टोकांना वर गेलेलं, दर्शनी भागावर लाल, काळ्या, पांढऱ्या रंगात गोर्गा नक्षी. दार इतकं बुटकं की आत जाताना वाकावंच लागतं. नक्षीत पाल आणि स्त्रीचे स्तन समोरासमोर कोरलेले असतात. तिथल्या गाइडने सांगितलं, पाल कुठेही गेली तरी चिकटून राहते तसं बटाक माणसाने कुठेही जाऊन जम बसवावा, पण तोंड आईकडे असावं. छपराचं मागचं टोक पुढच्यापेक्षा उंच ठेवतात, पोरं आईबापांच्या पुढे जावीत म्हणून. लेकीने ते वहीत लिहून घेतलं.

मधे झाडाखाली दगडी खुर्च्या आहेत, गोल मांडलेल्या, राजा आणि पंच तिथे बसून निवाडा करायचे. पलीकडे दुसरा संच, जिथे शिक्षा व्हायची, म्हणजे मान उडवायचे. गाइड ते फार रंगवून सांगतात, नरभक्षणाच्या कहाण्यांसकट. लहान मुलं सोबत असतील तर तेवढा भाग आटोपता घ्यायला सांगा.

तोमोक जास्त बाजारी झालंय. सिदाबुतार राजांच्या दगडी कबरी बघायच्या, त्याला खांद्यावर उलोस (बटाकांचं विणलेलं पारंपरिक वस्त्र) घेऊन आत जातात, आणि सिगालेगाले, म्हणजे दोऱ्यांवर नाचणारी माणसाएवढी लाकडी बाहुली. ज्याला मूलबाळ नाही त्याच्या मयताला ती नाचवायचे. आता पर्यटकांसाठी नाचवतात, तरी त्या लाकडी चेहऱ्याकडे बघताना मला कसंतरीच झालं. दोन तास पुरे. त्यापेक्षा रस्त्याने जाताना शेतांमधल्या समाध्या बघा. भाताच्या खाचरात मधेच टाइल्स लावलेली, बटाक घराच्या आकाराची, दुमजली समाधी, आणि शेजारी राहतं घर मात्र पत्र्याचं. पूर्वजांची हाडं कित्येक वर्षांनी पुन्हा उकरून, धुऊन, अशा मोठ्या समाधीत एकत्र ठेवतात. पैसे पाठवतात ते जाकार्ता, मेदानला गेलेली मुलं. आपले चाकरमानी गावच्या देवळाच्या जीर्णोद्धाराला मुंबईतून वर्गणी काढतात, अगदी तसं. आईला हे समजावून सांगावंच लागलं नाही.

शनिवार: उलोस, लग्न आणि सिआंजुर मुला-मुला

ड्रायव्हरसकट गाडी दिवसभरासाठी ठरवली. स्कूटरही मिळते पण इंटरनॅशनल परमिट नसेल तर इन्शुरन्सचे वांधे होतात, आणि आई सोबत असताना प्रश्नच नव्हता.

सिमानिंदोवरून पांगुरुरानकडे जाताना लुंबान सुही-सुही हे उलोस विणणाऱ्यांचं गाव आहे. जुन्या घरांच्या समोर अंगणात बायका जमिनीवर पाय पसरून बसलेल्या, मागाचा पट्टा कमरेमागून घेतलेला, म्हणजे ताणा स्वतःच्या अंगाच्या वजनाने ताठ धरायचा, पुढे झुकलं की सैल, मागे रेललं की घट्ट. एका आजींच्या शेजारी मी बराच वेळ बसले. काळपट लाल सूत, मधे पांढऱ्या बारीक रेघा, लाकडी फळी आपटली की ठक् ठक् आवाज, आणि अर्ध्या तासात बोटभर कापड पुढे सरकलं. मग किमतीची घासाघीस करायची इच्छाच राहिली नाही. चांगल्या उलोसला कित्येक आठवडे लागतात. बाजारात स्वस्तात मिळतं ते मशीनचं असतं, ते घ्यायचं तर घ्या, पण हातमागाचं इथेच, विणणाऱ्या बाईच्या हातून घ्या.

पुढे रस्त्यात मांडव दिसला. लग्न. आम्ही नुसते गाडीतून डोकावलो तर दोन बायका येऊन हात धरून आत घेऊन गेल्या. पहिला प्रश्न: मार्गा कुठली? मार्गा म्हणजे कूळ, प्रत्येक बटाक माणसाच्या आडनावातच असतं, आणि एका मार्गातल्यांचं आपसात लग्न होत नाही. मी सांगितलं आमच्याकडेही गोत्र असतं आणि सगोत्र लग्न आमच्या आजीच्या काळी कोणी करत नव्हतं, हे ड्रायव्हरने भाषांतर केल्यावर तिथल्या म्हाताऱ्या मंडळींमध्ये जी खसखस पिकली आणि माना हलल्या! एका आजोबांनी सांगितलं ते त्यांच्या कुळाच्या मूळपुरुषापासून सोळावे. सोळावे! हा नंबर सगळ्यांना पाठ असतो आणि अनोळखी बटाक भेटला की मार्गा आणि नंबर विचारून एकमेकांना काका म्हणायचं की पुतण्या ते ठरतं, वय काहीही असो.

त्यांच्या समाजाची घडी ‘दालिहान ना तोलू’ म्हणजे चुलीच्या तीन दगडांवर बसवलेली आहे: एक आपले भाऊबंद, दुसरे आपल्या मुली जिथे दिल्या ते, आणि तिसरे जिथून बायको आणली ते. आणि यात सगळ्यात मोठा मान कोणाला, तर बायकोच्या माहेरच्यांना. नवऱ्याकडचे पैसे देतात, राबतात, वाढतात, मुलीकडचे बसून मान घेतात आणि आशीर्वाद म्हणून नवरा-नवरीला उलोस पांघरवतात. मुलीच्या बापाने आयुष्यभर वरपक्षापुढे वाकायचं, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या बघितलंय. तिथे त्या मांडवात मुलीचा बाप ताठ बसलेला आणि जावयाचे काका त्याच्यासमोर हात जोडून उभे. मला हे प्रवासातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटलं, ज्वालामुखीपेक्षासुद्धा.

उलोस पांघरून झाल्यावर नवरा-नवरीच्या डोक्यावर तांदूळ टाकले. आईने न विचारता हात पुढे केला, कोणीतरी चिमूटभर तांदूळ तिच्या हातात दिले, आणि तिनेही टाकले. जेवायला थांबा म्हणत होते, पण जेवण डुकराचं होतं आणि मांसाचा कुठला तुकडा कुठल्या नातेवाईकाला यावरही तिकडे मोठं मानपान असतं, त्यात आपण कुठे बसणार, म्हणून हात जोडून निघालो. लग्नात बोलावलं तर जरूर जा, पाकिटात थोडे पैसे घालून द्या, आणि फोटो विचारून काढा.

पांगुरुरानला बेट मुख्य जमिनीच्या अगदी जवळ येतं. खरं तर आधी ते चिंचोळ्या पट्टीने जोडलेलंच होतं, डचांनी तिथे कालवा खणला, आता त्याच्यावर नवा झोकदार पूल आहे. पलीकडे पुसुक बुहित डोंगर, बटाकांचा मूळपुरुष तिथेच अवतरला असं मानतात. उतारावर गंधकाचे गरम झरे आहेत, वास येतो पण आईच्या गुडघ्यांना आराम पडला. डोंगराच्या पलीकडच्या दरीत सिआंजुर मुला-मुला, त्यांचं आद्य गाव. इथलं ‘आएक सिपितू दाई’ चुकवू नका, एका भिंतीतून सात धारा पडतात आणि सातांची चव वेगळी म्हणतात. बायकांचा भाग वेगळा, पुरुषांचा वेगळा, गावातल्या बायका तिथेच कपडे धूत होत्या, त्यांनी आम्हाला एकेक धार चाखायला लावली. मला एक किंचित आंबट लागली आणि एक लोखंडासारखी, बाकी सारख्याच. लेक म्हणते सातही वेगळ्या.

वाटेत जिओपार्कचं माहिती केंद्र आहे (टोबा २०२० पासून युनेस्को ग्लोबल जिओपार्क आहे). तिथल्या मुलाला मी सांगितलं की टोबाची राख आमच्याकडेही आहे, जुन्नरजवळ बोरी गावात कुकडी नदीच्या काठावर तिचा थर सापडलाय. ती नेमकी कुठल्या उद्रेकाची यावर अभ्यासकांचे वाद आहेत, पण आंध्रातल्या ज्वालापुरमची राख मात्र या ७४,००० वर्षांपूर्वीच्याच उद्रेकाची. साधारण २८०० घन किलोमीटर ऐवज बाहेर पडला असा अंदाज आहे, तो वाऱ्याने बंगालचा उपसागर ओलांडून आपल्या नद्यांच्या काठी येऊन बसला. त्या मुलाने फोनवर लगेच नकाशा उघडून बोरी शोधलं आणि खूण करून ठेवली.

रविवार: चर्च

रविवारी दुपारपर्यंत सगळं बंद असतं, दुकानं, खानावळी, अगदी बोटीसुद्धा कमी, तसं प्लॅनिंग करा. बटाक लोक बहुतांशी प्रोटेस्टंट आहेत, त्यांचं एचकेबीपी हे चर्च १८६१ पासूनचं, आणि जर्मन मिशनरी नोम्मेनसेनचं नाव इथे पोराटोरांना ठाऊक. इनांगनी विचारलं येता का, आम्ही गेलो. खांद्यावर उलोस घेतलेल्या बायका, मागच्या बाकावर आम्ही. गाणी सुरू झाली आणि कुठलंही वाद्य नसताना चार वेगवेगळे सूर आपसूक लागले, शेजारचा मासे विकणारा माणूससुद्धा पक्क्या खालच्या सुरात. संध्याकाळी नवरा लाएसोबत, म्हणजे इनांगच्या मुलासोबत, लापोमध्ये गेला, तिथे तुआक म्हणजे ताडीच्या जातीची ताजी माडी मिळते, आणि तीच सकाळची मंडळी गिटारवर तशीच सुरात गात होती म्हणे.

सोमवार: पाऊस

सिपिसो-पिसो धबधबा (१२० मीटर) बघायचा बेत होता, पण रात्रीपासून पाऊस लागला आणि डोंगर दिसेनासे झाले, बेत रद्द. दुपारी उघडीप झाली तेव्हा गाडी करून सिदिहोनीला गेलो, बेटावरच्या पठारावरचं छोटं तळं, म्हणजे बेटावरच्या सरोवरातल्या बेटावरचं तळं. पाइनची झाडं, म्हशी, आणि दुसरं कोणीच नाही. रस्ता शेवटी खराब आहे.

एक खंत सांगायची राहिली. काही खाड्यांमध्ये जलपर्णी पसरलीय आणि किनाऱ्याजवळ माशांचे पिंजरेच पिंजरे. पिंजऱ्यातलं खाद्य पाण्यात कुजतं, २०१६ मध्ये हारांगगाओलला ढिगाने मासे मेलेले. इनांग म्हणाल्या त्यांच्या लहानपणी याच धक्क्यावरून घागर बुडवून पाणी प्यायचे. आता पोहायला पाणी चांगलं आहे, तुकतुकच्या टोकाला तर फारच, पण पिंजऱ्यांच्या आसपास उतरू नका.

मंगळवार: परत

सकाळच्या बोटीने पारापत, रात्री मेदानहून विमान. इनांगनी आईला वाळवलेल्या आंदालिमानची पुडी दिली आणि आईने त्यांना पर्समधली मालवणी मसाल्याची.

जाणाऱ्यांसाठी शेवटचं. जून ते सप्टेंबर पाऊस कमी असतो, आमच्यासारखं मे मध्ये गेलात तर रेनकोट ठेवा. किमान चार रात्री तुकतुकला काढा. एटीएम तोमोक आणि आंबारिताला आहेत, कधीकधी रिकामी असतात, त्यामुळे मेदानमध्येच पैसे काढा. स्वेटर न्या. दक्षिणेकडचं बालिगे आणि बाक्कारा दरी आमची राहिली, तिकडे जायचं असेल तर मेदानऐवजी सिलांगित विमानतळ जवळ पडतो.